अपहार म्हणजे काय?

आपल्या मंडळाच्या नियमावलीचे मराठी रूपांतर करण्याचे काम कार्यकारिणीने या चातुर्मासात आम्हां तिघांकडे सोपविले आहे, हे सभासद बंधुभगिनींस ठाऊक आहेच. मूळ नियमावली इंग्रजीत आहे आणि ती एका जुन्या वकिलांनी तयार केलेली असल्यामुळे तिच्यातील एकेका वाक्याचा शेवट शोधता शोधता वाचणाऱ्यास धाप लागते. तरीही बाविसाव्या कलमापर्यंत आम्ही बरे आलो. तेविसाव्या कलमात विश्वस्ताचे पद कोणकोणत्या कारणांनी रद्द होईल हे सांगितले आहे. त्यात 'एम्बेझलमेंट' हा शब्द आला आणि त्या एका शब्दापाशी आम्ही दोन बैठका खर्ची घातल्या.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे पडले की, त्यास सरळ 'चोरी' म्हणावे. देवाचा पैसा ज्याने घेतला तो चोर, त्याला गोंडस नाव कशाला? दुसरे सद्गृहस्थ वकिली केलेले. ते म्हणाले, चोरी हा अगदी निराळा गुन्हा आहे. ज्याच्या हाती किल्ल्या आपणच दिल्या तो चोरी कशी करील? त्यांच्या मते 'अपहार' हा रूढ शब्द योग्य. आम्ही स्वतः 'अफरातफर' या शब्दाच्या बाजूचे होतो, कारण आमच्या वडिलांच्या तोंडून तोच ऐकलेला. वरवर पाहता हा शब्दांचा वाद. परंतु कोणत्या कृत्याने मनुष्य विश्वस्तपदास अपात्र ठरतो हे त्या शब्दाने ठरणार असल्यामुळे तो वाद आम्हांस टाळता येईना. अखेर आम्ही घरी कोशांची आणि कायद्याच्या जुन्या पुस्तकांची चाळवाचाळव केली. तिच्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचे कुळ पाहू. 'एम्बेझल' हे क्रियापद इंग्रजीच्या मूळ घरचे नव्हे. १०६६ साली नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकल्यावर तेथील दरबारात आणि न्यायासनापुढे कित्येक पिढ्या फ्रेंच भाषेचा अंमल राहिला. आपल्या कचेऱ्यांत दप्तर, फिर्याद, जामीन हे शब्द जसे फारसी अमदानीच्या वाटेने आले आणि आपलेच होऊन बसले, तसेच तेथेही झाले. त्या जुन्या फ्रेंचमध्ये 'बेसिलिए' असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ छळणे, उद्ध्वस्त करणे, नासधूस करणे. त्याला उपसर्ग लागून इंग्लंडातील फ्रेंचमध्ये 'परस्पर लांबविणे, नाहीसे करणे' या अर्थाचा शब्द झाला आणि पंधराव्या शतकात तो इंग्रजीत रुळला. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ आज आपण 'सोपविलेले द्रव्य गिळंकृत करणे' असा करतो, त्याच्या बुडाशी घेण्याची कल्पना नसून नासण्याची कल्पना आहे.

पुढे सोळाव्या शतकात आणखी एक गंमत घडली. लॅटिनमध्ये दुर्बल या अर्थाचा एक शब्द आहे; इंग्रजीत मंदबुद्धीच्या माणसास 'इम्बेसिल' म्हणत, ते त्याच्यावरूनच. लोकांना 'एम्बेझल' हा त्याचाच भाऊबंद वाटला आणि काही काळ 'दुर्बल करणे, खच्ची करणे' या अर्थीही तो योजिला जाऊ लागला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही चूकच. पण चुकताना लोक कोणत्या दिशेला चुकले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तसेच 'बेझल' असा याच कुळातला एक आखूड शब्दही इंग्रजीत होता. त्याचा अर्थ अतोनात दारू ढोसणे, चैनीत उधळणे. डॉक्टर जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्यात 'एम्बेझल' याचे विश्वासघाताने आत्मसात करणे आणि चैनीत उडवून टाकणे असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. म्हणजे त्या काळी मनुष्य स्वतःच्या वडिलोपार्जित इस्टेटीचेही 'एम्बेझलमेंट' करू शकत असे!

आता आपल्या शब्दांकडे वळू. 'अपहार' हा संस्कृत शब्द. शाळेत उपसर्ग शिकविताना गुरुजी आहार, विहार, प्रहार, संहार अशी जी रांग लावीत तिच्यातलाच हा. 'दूर नेणे' एवढाच त्याचा अक्षरार्थ. कोणी नेले, कोणाच्या हातून नेले, याविषयी तो मुका आहे. सीतेचे हरण होते तेही याच धातूने. आमचा लाडका 'अफरातफर' मात्र अरबी जोडशब्दातून आलेला निघाला: 'इफ्रात' म्हणजे वाजवीपेक्षा अधिक आणि 'तफ्रीत' म्हणजे वाजवीपेक्षा उणे. आपल्या शेजारच्या हिंदी भाषेत त्याचा अर्थ पळापळ आणि गोंधळ असा झाला. मराठीने त्याला हिशेबाच्या वहीत आणून बसविले. एका घरात अधिक आणि दुसऱ्या घरात उणे, हे वर्णन अपहाराचे म्हणून इतके चपखल आहे की आमचा पक्ष जिंकला असे आम्हांस वाटले. पण वकीलसाहेबांनी विचारले, दोन्ही घरांत बेरीज बरोबर असेल तर? त्या प्रश्नाकडे पुढे यावयाचे आहे.

चोरी आणि अपहार यांतील भेद इंग्रजांच्या कायद्यास उमगावयास जी तीन-चार शतके लागली, त्यांची हकीकत मोठी उद्बोधक आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या इच्छेविरुद्ध उचलून नेणे. ज्याने आपण होऊन वस्तू तुमच्या हाती दिली, त्याच्या ताब्यातून तुम्ही ती नेली असे म्हणताच येत नाही. सबब चोरी नाही. १४७३ साली एक खटला उपस्थित झाला. एका परदेशी व्यापाऱ्याने काही गठ्ठे साउथॅम्प्टन बंदरी पोचविण्यासाठी एका वाहतूकदाराच्या स्वाधीन केले. याने ते भलतीकडेच नेले, फोडले आणि आतील माल घेतला. माल तर त्याच्या हाती मालकानेच दिलेला; मग चोरी कोठे? न्यायाधीशांनी डोके खाजवून तोड काढली ती अशी: गठ्ठा त्याच्या स्वाधीन केला होता, परंतु गठ्ठ्याच्या आतला माल नव्हे, गठ्ठा फोडला त्या क्षणी त्याने आतील माल मालकाच्या ताब्यातून घेतला, म्हणून चोरी झाली. याचा दुसरा अर्थ असा की, त्याने गठ्ठे न फोडता आहेत तसेच विकून टाकले असते तर चोरी झाली नसती! पुढे कित्येक वर्षे इंग्लंडात हा न्याय प्रमाण मानला जात होता.

१५२९ साली आठव्या हेन्रीच्या अमदानीत कायदा झाला, तो नोकरांपुरता. धन्याने सांभाळण्यास दिलेली चाळीस शिलिंग वा अधिक किमतीची वस्तू नोकराने लांबविली तर तो गंभीर गुन्हा ठरविला गेला. पण यातही एक भोक राहिलेच. धन्याने दिलेली वस्तू या कायद्यात आली. परक्या माणसाने धन्यासाठी म्हणून नोकराच्या हाती दिलेली वस्तू आली नाही. ते भोक किती मोठे आहे हे कळावयास पावणेतीनशे वर्षे जावी लागली.

१७९९ साली लंडनमधील एका पेढीवर जोसेफ बेझली नावाचा रोखपाल होता. (त्याच्या आडनावाचे गुन्ह्याच्या नावाशी साम्य आहे हा निव्वळ योगायोग, आम्हीही प्रथम फसलो.) एका गिऱ्हाइकाच्या नोकराने १३७ पौंडांचा भरणा आणून दिला. बेझलीने सर्व रक्कम गिऱ्हाइकाच्या खाती बिनचूक जमा केली, नोटा आणि नाणी पेटीत टाकली, पण त्यातली १०० पौंडांची एक नोट तेवढी खिशात घातली आणि आपले देणे भागविले. खटला चालला. बचावाचे वकील म्हणाले, ही नोट पेढीच्या ताब्यात आलीच कधी? गिऱ्हाइकाने ती राजीखुशीने रोखपालाच्या हातात दिली आणि रोखपालाच्या हातातून ती थेट त्याच्या खिशात गेली. ती एकदा पेटीत पडून मग उचलली असती तर मालकाच्या ताब्यातून घेतली असे झाले असते आणि ती चोरी ठरली असती. न्यायाधीशांना हा युक्तिवाद मान्य करावा लागला. बेझली सुटला. पार्लमेंट मात्र जागे झाले आणि त्याच वर्षी नोकरांनी आणि कारकुनांनी धन्यासाठी स्वीकारलेल्या पैशाच्या 'एम्बेझलमेंट'चा स्वतंत्र कायदा झाला.

आता या गोष्टीत कोणाचे काय बुडाले ते पाहावे. गिऱ्हाइकाच्या खाती १३७ पौंड जमा होते. त्याने मागितले असते तर पेढीने मुकाट्याने दिले असते. त्याचा एक पैसाही गेला नाही. पेढीचे १०० पौंड गेले खरे, परंतु वही पाहणाऱ्यास ते दिसत नव्हते. चोराच्या कामात दार फोडावे लागते, कुलूप तोडावे लागते, रात्रीची वेळ गाठावी लागते. त्याच्या प्रत्येक कृतीला खूण राहते. बेझलीने जे केले ते भरदिवसा, आपल्या जागेवर बसून, आपल्याच हाताने. हात पेटीकडे जावयाचा तो खिशाकडे गेला, एवढाच काय तो फरक. सोपविणाऱ्याचा विश्वास हीच त्याची पहार होती, आणि त्या पहारीचा आवाज होत नाही.

इंग्लंडात १९६८ साली चोरीचा नवा कायदा झाला आणि त्याने हे सारे जुने भेद पुसून टाकले. आता तेथे मालकाचे हक्क अप्रामाणिकपणे आपल्याकडे घेणे ही एकच चोरी; गठ्ठा फोडला की न फोडला, नोट पेटीत पडली की न पडली, याची चिकित्सा संपली. म्हणजे आमच्या पहिल्या सहकाऱ्यांचे म्हणणे लंडनने अखेर मान्य केले म्हणावयाचे! आपल्याकडील कायदा मात्र प्रारंभापासून निराळ्या वाटेने गेला. मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला. १८६० साली त्याचा कायदा झाला आणि १८६२ च्या १ जानेवारीपासून तो अमलात आला. त्यात चोरी वेगळी, वस्तूचा अप्रामाणिक अपहार वेगळा आणि विश्वासाने सोपविलेल्या वस्तूचा अपहार, म्हणजे फौजदारी विश्वासघात, आणखी वेगळा. शिक्षेचे प्रमाणही बोलके आहे. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद होती आणि साध्या विश्वासघातासही तितकीच; पण तोच विश्वासघात कारकुनाने वा नोकराने केला तर सात वर्षांपर्यंत, आणि सरकारी नोकर, सावकार किंवा मुखत्यार यांनी केला तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. जितका विश्वास मोठा तितकी शिक्षा चढती. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; तिने साध्या विश्वासघाताची कमाल शिक्षा तीनावरून पाच वर्षांवर नेली. साध्या चोरीची तीनावरच राहिली.

परंतु या कायद्यात आम्हांस जे खरोखर अडवून धरणारे वाटले ते शिक्षेचे कलम नव्हे. जुन्या संहितेच्या चारशे तिसऱ्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे आणि नव्या संहितेतही ते जसेच्या तसे ठेवलेले आहे. त्याचा आशय असा की, अप्रामाणिकपणे केलेला अपहार केवळ काही काळापुरता असला तरी तो अपहारच होय. त्याचे उदाहरण दिले आहे तेही मासलेवाईक आहे. एकास दुसऱ्याची सरकारी रोख्याची चिठ्ठी सापडते. ती कोणाची हे त्यास ठाऊक असते. तो ती सावकाराकडे गहाण टाकून कर्ज काढतो, आणि पुढे केव्हातरी ती मालकास परत देण्याचा त्याचा पक्का विचार असतो. कायदा म्हणतो, तुझा पुढचा विचार तुझ्यापाशी ठेव, गुन्हा झाला.

हे कलम वाचताना आम्हांस कौटिल्याची आठवण झाली. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अधिकाऱ्यांनी राजद्रव्य हरण करण्याचे चाळीस उपाय सांगितले आहेत. खोटी नाणी, खोटी मापे, देण्याजोग्याला न देणे, न देण्याजोग्याला देणे असे पुष्कळ प्रकार त्यात आहेत. आमची अपेक्षा होती की यादीच्या शिरोभागी एखादे मोठे पाप असेल. पण पहिला प्रकार आहे तो हा: आधी वसूल झालेली रक्कम मागाहून जमा दाखविणे. एवढेच. रक्कम पूर्ण जमा झाली, एक कवडीही कमी नाही. फक्त तारीख निराळी. त्या चाणाक्ष पुरुषाने हा प्रकार आधी का सांगितला, त्याचे कारण पैशाचे काम केलेल्या माणसास सांगावे लागणार नाही. रोमन लोकांचा अनुभवही तोच दिसतो. सार्वजनिक धनाच्या अपहारास ते 'पेकुलातुस' म्हणत (पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात ज्यांचे वाडवडील कचेरीत होते त्यांनी त्याचे पोर्तुगीज भावंड ऐकलेले असेल). या शब्दाच्या मुळाशी गाईगुरे आहेत, कारण प्राचीन इटलीत गुरे हेच धन. देवळातील वस्तू पळविण्यास त्यांचा वेगळा शब्द होता. आज इंग्रजीत कोणत्याही पवित्र गोष्टीच्या विटंबनेस 'सॅक्रिलेज' म्हणतात, पण मुळात त्याचा अर्थ देवाच्या वस्तू उचलणे एवढाच. या दोहोंच्या जोडीला त्यांच्या कायद्यात तिसरा एक गुन्हा होता, तो शिलकेचा. विशिष्ट कामासाठी म्हणून हाती घेतलेला सार्वजनिक पैसा त्या कामी न लावता आपल्यापाशी ठेवून देणे, हा तो गुन्हा. त्याला लपविणे आवश्यक नव्हते. ठेवून घेणे पुरे होते.

तेव्हा काळ हाच या प्रकरणाचा गाभा आहे असे आमचे मत होत चालले. जॉन केनेथ गॅलब्रेथ हे अर्थशास्त्रज्ञ १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेचे भारतातील राजदूत होते, हे जुन्या मंडळींस आठवत असेल. १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला, त्यावर त्यांनी १९५५ साली एक पुस्तक लिहिले. त्यात ते म्हणतात की, चोरी झालेली पुष्कळदा लगेच कळते, पण अपहार घडणे आणि उघडकीस येणे यांच्यामध्ये आठवडे, महिने, वर्षेही जातात. आणि त्या मधल्या काळात घेणाऱ्याजवळ पैसा असतो आणि ज्याचा गेला त्यालाही आपला गेला असे वाटत नसते. दोघेही स्वतःस धनवान समजतात. त्यांनी या मधल्या काळातल्या मायावी धनास 'बेझल' हे नाव दिले. दारू ढोसणे या अर्थाचा जुना शब्द असा नव्या अर्थाने फिरून जन्मास आला.

आता तेविसाव्या कलमाकडे परत येऊ. शब्द कोणताही घ्या, त्याच्यापुढे 'अल्पकाळासाठीही' असे शब्द घालावेत की नाही, येथे आमचे खरे मतभेद झाले. विरुद्ध बाजूने जे बोलले गेले ते उडवून लावण्यासारखे नव्हते. आपले विश्वस्त आणि कार्यकर्ते पगारी नाहीत. उत्सवाच्या धामधुमीत फुलवाल्याला, आचाऱ्याला, गुरुजींच्या रिक्षाला कितीदा तरी ते पदरचे पैसे देतात आणि महिन्याभराने, आठवले तर, मागतात. इकडचे तिकडे झाले तर तिकडचे इकडे चार दिवस झाले म्हणून काय बिघडले? अशा माणसास अपहाराचे कलम दाखविणे म्हणजे सेवा करणाऱ्याच्या हातावर छडी मारणे आहे, आणि मग पुढे काम करण्यास कोण येईल? हा प्रश्न आम्हांस आजही बोचतो. एवढेच म्हणू की, पदरचे घालणारासही आम्ही हल्ली त्याच दिवशी कीर्दीत नोंद करावयास सांगतो, आणि त्याचे कारण तो उदार नाही असे नव्हे. दोन खिशांमधली शिवण एका बाजूने उसवली की दुसऱ्या बाजूनेही उसवते.

हे आम्ही ऐकीव ज्ञानाने म्हणत नाही. जवळजवळ बावीस वर्षांपूर्वी एका उत्सवाची वर्गणी आमच्याकडे होती. मांडववाल्याचे बिल यावयाचे होते म्हणून चार हजार तीनशे रुपये एका लिफाफ्यात घालून आम्ही घरच्या कपाटात ठेवले. त्याच आठवड्यात आमच्या कन्येच्या कॉलेजच्या फीची शेवटची तारीख आली. आमचा पगार नऊ दिवसांवर होता. धाकट्या भावाकडे मागावे तर त्याचीच ओढाताण चाललेली. आम्ही सौभाग्यवतीस काही न सांगता लिफाफा उघडला, फी भरली आणि दहाव्या दिवशी पगार होताच रक्कम तंतोतंत परत ठेवली. मांडववाला पंधराव्या दिवशी आला. त्यास पैसे मिळाले, पावती मिळाली, जमाखर्च मंजूर झाला. कोणाचे काहीही बुडाले नाही. त्या वेळी आम्हांस अपराध केल्यासारखे वाटलेही नाही. उलट पोरीचे वर्ष वाचले याचे समाधान वाटले.

पुढची गोष्ट आम्ही फार दिवस कोणास सांगितली नाही. सुमारे दोन महिन्यांनी घरात आजारपण निघाले आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही हाताशी किती पैसे आहेत याचा मनाशी हिशेब करू लागलो. बँकेत इतके, सौभाग्यवतीच्या डब्यात इतके, भावाकडून येणे इतके, आणि लिफाफा. त्या वेळी लिफाफ्यात समाराधनेचे अडीच हजार होते. आम्ही ते घेतले नाहीत. घ्यावे लागलेही नाहीत. पण ते आमच्या बेरजेत कोणी न बोलावता येऊन बसले होते. पहिल्या खेपेस लिफाफा उघडताना आमचा हात थोडा तरी थांबला होता. या खेपेस थांबण्याजोगे काही उरलेच नव्हते. जुन्या फ्रेंच शब्दाचा नासधूस हा अर्थ कोशात वाचला तेव्हा ती रात्र आम्हांस आठवली. मंडळाचे एक नाणेही त्या नऊ दिवसांत नासले नाही. जे नासले होते ते वहीत लिहिण्याचा रकानाच नव्हता.

कोणी म्हणेल, मग परत केल्याचे काहीच मोल नाही काय? मोल नाही असे आम्ही कसे म्हणू? प्रेमचंदांची 'गबन' ही कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली. आपल्या या हिंदी मुलखात राहणाऱ्या पुष्कळांनी ती वाचली असेल. तिच्यातला रमानाथ म्युनिसिपालिटीतला कारकून. पत्नीपुढे आपली ऐपत फुगवून दाखविण्याच्या नादात तो कर्जात रुततो आणि सरकारी भरण्याची रक्कम हातची गेल्यावर घर सोडून कलकत्त्यास पळतो. मागे त्याची पत्नी जालपा दागिना विकून ती रक्कम कचेरीत भरते. दप्तराच्या दृष्टीने गबन झालेलेच नाही, कोणी त्याला शोधीत नाही. आणि हा मात्र परक्या शहरात शिपायाची सावली दिसली तरी दचकतो. त्याची भीती वहीतल्या आकड्यावर अवलंबून नव्हती. आम्हांस वाटते, आमच्यापेक्षा तो भला; त्याला निदान भय वाटले. आम्हांस काहीच वाटले नाही, हेच आम्ही आता त्या नऊ दिवसांतले वाईट मानतो.

तिसऱ्या बैठकीत आम्ही ही हकीकत सांगितली. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या वयोवृद्ध कोषाध्यक्षांनी त्या वर्षाची कीर्द काढावयास सांगितली. वही निघाली, धूळ झटकली गेली, पान सापडले. वर्गणी जमा, मांडव खर्च, शिल्लक, तिन्ही बरोबर. खाली आमची सही आणि तिच्याखाली हिशेब तपासनिसांची. त्यांनी बेरीज पुन्हा एकदा बोटांवर करून पाहिली. वकीलसाहेबांचा पहिल्या बैठकीतला प्रश्न, दोन्ही घरांत बेरीज बरोबर असेल तर, कोणी पुन्हा काढला नाही. कोषाध्यक्षांनी वही मिटली, मसुद्याचा कागद ओढून घेतला आणि 'अल्पकाळासाठीही' हे शब्द आपल्या हाताने त्यात घातले. अफरातफर हा शब्द आम्ही मागे घेतला आहे. कलमात 'अपहार' हाच राहील.

मसुदा कार्यालयात सकाळी नऊ ते अकरा या वेळात पाहावयास मिळेल. सूचना लेखी द्याव्यात. वरील प्रकार आम्हीही चिटणिसांस लेखी कळविला असून, नवे कलम मंजूर झाल्यास आमचे विश्वस्तपद राहावे की न राहावे हा प्रश्न कार्तिकी पौर्णिमेच्या सर्वसाधारण सभेपुढे आठव्या विषयाखाली ठेवला आहे. त्या विषयाच्या वेळी आम्ही सभागृहाबाहेर बसू.